हबीबचाचांचे फुगे

बंद पडलेली गाडी ओढून न्यायला येणारा माणूस आल्या आल्या काय करतो? बॉनेट उघडतो, तोंड वाकडं करतो आणि आपल्या गाडीबद्दल दोन अपमानकारक वाक्यं बोलतो. हबीबचाचा यातलं काहीही करत नसत. त्यांची गाडी येऊन थांबली की आधी डावीकडचं दार उघडायचं. आतून एक लाकडी स्टूल दोरीनं खाली सुटायचं, त्यावर एक पाऊल यायचं, मग दुसरं, आणि जैनबचाची उतरायच्या. बुरख्याचा पडदा मागे टाकलेला, एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात स्टीलच्या कपांची चळत. सगळ्यांच्या हातात चहा पोचेपर्यंत चाचा स्टेअरिंगमागेच बसून राहायचे. "आधी चहा, मग साखळी," हा त्यांच्या धंद्याचा पहिला नियम होता, आणि तो कलेक्टरसाठीही मोडणार नाही असं ते सांगत. कलेक्टरची गाडी त्यांच्या वाट्याला कधी आली नाही, हा भाग वेगळा.

आमची पहिली भेट दौलताबादच्या घाटात झाली. मी, बायको आणि सासूबाई वेरूळहून घृष्णेश्वराचं दर्शन घेऊन परतत होतो. सेकंडहँड गाडी घेऊन मला महिना झाला नव्हता. घाटाच्या मधोमध गाडीनं वाफ सोडली आणि मान टाकली. रेडिएटरमध्ये पाणी बघून घ्या, असं बायकोनं वेरूळलाच सांगितलं होतं. ते मी ऐकलं नव्हतं, हे ती आईला सांगत होती. आई ते ऐकून माझ्याकडे बघत होती. जाणाऱ्या एका जीपवाल्याकडून पडेगावला निरोप धाडला होता, त्याप्रमाणे चाचा आले. मला चहा नको होता. मला त्या दरीच्या कडेवरून आणि त्या दोघींच्या मधून लवकरात लवकर सुटायचं होतं. मी म्हणालो, "चहा राहू द्या हो, आधी गाडी बघा."

चाचा खिडकीतूनच म्हणाले, "साहेब, गाडी कुठं पळून चालली नाय. ती बंद हाय. चालू तुम्ही तिघं हाय. आधी तुम्ही बंद व्हा."

सासूबाई खो-खो हसल्या. लग्नानंतर मी त्यांना इतकं मोकळं हसताना पहिल्यांदाच पाहिलं. चहा आल्याचा होता आणि चांगला होता. नंतर चाचांनी या नियमामागचं शास्त्र मला समजावलं. गाडी बंद पडली की घरातली माणसं एकमेकांवर घसरतात. अशी माणसं एका केबिनमध्ये कोंबली की पडेगाव येईपर्यंत ती ड्रायव्हरला न्यायाधीश करतात. "आणि मी न्याय कोणाचा बी केला, तरी एक गिऱ्हाईक नाराजच व्हणार," ते म्हणायचे.

पुढे मी पडेगावलाच प्लॉट घेऊन घर बांधलं आणि चाचांचा शेजारी झालो. पाटबंधारे खात्यात मी नकाशे काढायचो. संध्याकाळी साडेपाचला सुटलो की सहाच्या सुमारास त्यांच्या ओट्यावर हजर. उंच, काटकुळा माणूस. मेंदी लावलेली दाढी, कडक इस्त्रीचा खाकी शर्ट. ग्रीसमध्ये हात घालणाऱ्या माणसाचा शर्ट इतका स्वच्छ कसा राहतो, हे कोडं मला शेवटपर्यंत सुटलं नाही. त्यांचे वडील निजामाच्या मोटारखात्यात ड्रायव्हर होते आणि हे जन्मले पोलीस ॲक्शनच्या साली. "अब्बांचं पेट्रोल निजामाचं, माझा रस्ता हिंदुस्थानचा," असं ते ऐटीत सांगत. आवाज असा, की त्यांनी घरात कुणाच्या कानात काही सांगितलं तर ते आमच्या स्वयंपाकघरात कळायचं.

चाची गाडीवर का येतात, असं मी एकदा विचारलं होतं. चाचांनी धंद्याचं कारण दिलं. घाटात बायकापोरं अडकलेली असतात, सुनसान रस्ता, आणि समोरून एक दाढीवाला साखळी घेऊन उतरतो. माणसं घाबरतात. बेगम उतरली की त्यांच्या जिवात जीव येतो. कारण पटण्यासारखं होतं. चाचींनी मात्र माझ्या बायकोला वेगळंच सांगितलं होतं. "शादी झाली तवापासून हे ट्रकवर. आज हैदराबाद, उद्या नागपूर. मी घरात, खिडकीपाशी. त्या खिडकीतून रस्त्याचा येवढासा तुकडा दिसायचा. बेटीचं लगीन झालं, घर खाली झालं. मग हे बोलले, चल. आता समोर ही मोठी काच हाय." हे सांगताना त्यांनी दोन्ही हात पसरले होते म्हणे.

चाचांची गाडी म्हणजे जुना छोटा ट्रक, मागच्या बाजूला बसवलेली क्रेन. बंद गाडीचं तोंड या क्रेननं उचलायचं आणि मागच्या चाकांवर तिला ओढत आणायचं. पूर्वी गाड्या हलक्या होत्या, तोवर ठीक चाललं. मग मोठ्या जीपगाड्या आल्या. त्यातली एखादी उचलली की चाचांच्या ट्रकचा मागचा भाग बसायचा आणि नाक वर व्हायचं. पुढच्या चाकांवर वजनच राहायचं नाही. एकदा तिन्हीसांजेला दौलताबादच्या दरवाजातून येताना त्यांनी दिवे लावले, तर उजेड रस्त्यावर पडायच्या ऐवजी वरच्या कमानीवर पडला. "स्टेअरिंग हातात होतं, पर गाडी हातात नव्हती," असं त्यांनी ओट्यावर कबूल केलं, आणि तेही हळू आवाजात. त्यावरून ते किती घाबरले होते हे मला कळलं.

गाडीचा भार झेलणारे कमानपाटे बसवणाऱ्या मिस्त्रीकडे याचा सोपा इलाज होता. मागे दोन पाटे वाढवायचे. गाडी बसणार नाही, विषय संपला. चाचा पाटे टाकायला निघणार, त्याच आठवड्यात चाचींची कंबर धरली. शहरातल्या घाटी दवाखान्यातल्या डॉक्टरनं फोटो काढून सांगितलं की मणका सरकलाय, दणके बंद. ट्रक तर अजिबात नको. नाही ऐकलंत तर कायमचं अंथरूण धरावं लागेल.

आता ज्यानं त्या ट्रकमध्ये एकदा तरी बसून पाहिलंय, त्यालाच ही अडचण नीट कळेल. जास्तीचे पाटे वजनाखाली उत्तम असतात, पण गाडी रिकामी असली की ते लाकडासारखे ताठ राहतात आणि प्रत्येक खड्डा थेट माणसाच्या माकडहाडापर्यंत पोचवतात. आणि ओढणारी गाडी जाताना नेहमी रिकामीच जाते. म्हणजे पाटे टाकले तर चाचींची कंबर गेली. नाही टाकले तर एखाद्या दिवशी घाटात दोघंही गेले. तिसरा मार्ग एवढाच, की चाचींनी खाली उतरायचं.

चाचींनी तो निकालात काढला. "नक्को. मी नाय उतरत."

 त्या आठवड्यात आमच्या स्वयंपाकघरात चाचांचा आवाज आला नाही, आणि बायकोलाही ते चुकल्यासारखं वाटलं. मी सरळ स्वभावाचा माणूस. ओट्यावर जाऊन सांगितलं, "चाचा, पाटे टाका. चाचींना घरी ठेवा. थर्मास मी भरून देत जाईन."

ते म्हणाले, "सल्ला लई सोपा हाय, साहेब. कमर बेगमची हाय आणि घर पण बेगमलाच सांभाळायचं. तुमचं काय जातंय?" मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "अशी चीज पाहिजे, वजन आलं की घट्ट आणि वजन उतरलं की मऊ."

मी म्हणालो, असा माणूससुद्धा मिळत नाही. ते म्हणाले, माणसाचं सोडा, चीज मिळंल.

आणि मग सुरू झाला शोध. मुलीसाठी स्थळ बघताना चाचांनी जेवढी चप्पल झिजवली नसेल तेवढी यासाठी झिजवली. पण त्यांची परीक्षा घेण्याची पद्धत खास होती. कुठलीही गाडी बघायला जाताना चाची आणि थर्मास बरोबर. चाचींनी त्या गाडीत बसायचं, कपात काठोकाठ चहा घ्यायचा, कप तळहातावर धरायचा आणि पडेगावपासून मिटमिट्यापर्यंत जायचं. त्या रस्त्यावर तेव्हा खड्ड्यांची ददात नव्हती. मिटमिट्याला कपात किती उरलं, त्यावर निकाल. डॉक्टरनं दणके बंद सांगितलेत, असं मी म्हणून बघितलं, तर चाची म्हणाल्या, "मग दुसऱ्याच्या कमरेनं बघायचं का?"

खडीच्या ट्रकला वाढवलेले पाटे होते. मिटमिट्याच्या अलीकडेच कप रिकामा झाला. चाची म्हणाल्या, "चहा सगळा बुरख्यानं प्याला." एका टेम्पोला मागे रबरी ठोकळे लावलेले होते. त्यात अर्धा कप वाचला, पण चाचींनी नापास केला. वजन असताना ते रबर बरं, मोकळ्या गाडीत नुसता दगड, असं त्यांचं मत पडलं. चाचांनी मग एका ट्रॅव्हल्सवाल्याला गाठलं. त्याच्या नव्या बसला पाट्यांऐवजी हवेचे बलून होते. दुपारी बस धुऊन रिकामी परत निघाली तेव्हा त्यानं चाचींना सगळ्यात मागच्या सीटवर बसू दिलं. मागची सीट म्हणजे कुठल्याही बसची खरी परीक्षा. मिटमिट्याला चाची उतरल्या तेव्हा कप भरलेला होता. तो त्यांनी तिथंच रस्त्यावर उभं राहून शांतपणे पिऊन टाकला. चाचा सांगायचे, त्या दिवशी त्यांना शादीच्या दिवसाएवढी खुशी झाली.

बसचे बलून काही ट्रकला लागत नव्हते. पण पाट्यांना मदत म्हणून बसवायचे छोटे फुगे मिळतात, असं तिथंच कळलं. मूळचे पाटे तसेच राहतात. त्यांच्या आणि चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, मधे दोन्ही बाजूंना एकेक रबरी फुगा बसतो. वजन असलं की हवा भरायची, नसलं की सोडायची. चाचांनी ते पुण्याहून मागवले. दुकानदार मोठे, दणदणीत फुगे गळ्यात मारत होता. चाचांनी ट्रकखाली झोपून फूटपट्टीनं जागा मोजली होती. मोठा फुगा एकीकडे टायरला घासला असता आणि दुसरीकडे सायलेन्सरच्या उष्णतेनं भाजला असता. त्यांनी लहान जोडी घेतली. बसवण्याच्या पट्टीचा नकाशा मी काढून दिला, आणि तो बरोबर होता हे मी इथं मुद्दाम लिहून ठेवतो, कारण चाचांनी ते आयुष्यात कधी कुणाला सांगितलं नाही.

तरी एक चूक झालीच. मिस्त्रीनं दोन्ही फुगे एकाच नळीला जोडले. एका जागी पंप लावला की दोन्ही एकदम भरतात, किती सोपं! चाचांनाही ते आवडलं. पहिल्याच दिवशी घाटात एक जीप उचलली. ट्रकचं नाक खाली, दिवे रस्त्यावर, चाचा खुशीत. उजवं वळण आलं आणि ट्रक डावीकडे असा कलला की चाची दारावर आदळल्या आणि थर्मास फुटला. पुढच्या वळणावर उलटं. चाचांनी गाडी बाजूला घेतली.  कंबर धरून बसलेल्या चाचीच म्हणाल्या, "सुनते क्या, वळणावर माझी बाजू खाली बसती, तवा तुमची वर येती. माझ्या फुग्याची हवा तुमच्याकडं जाती."

तेच होत होतं. नळी एक असल्यानं ज्या बाजूवर भार यायचा तिकडची हवा पळून दुसऱ्या बाजूला जायची. ऐन गरजेच्या वेळी एक फुगा चपटा आणि दुसरा टम्म. दुसऱ्या दिवशी चाचांनी स्वतः दोन वेगळ्या नळ्या टाकल्या, दोन वेगळे व्हॉल्व्ह. तेव्हापासून त्यांना एक नवं सुभाषित मिळालं. आमच्या आळीत कुणाचं लग्न ठरलं की ते नवरदेवाला बाजूला घेऊन ऐकवायचे, "हवा ज्याची त्याची, वजन दोघांचं." बहुतेक नवरदेवांना यातलं ओ की ठो कळत नसे. मला स्वतःला ते कळायला बरीच वर्षं लागली, पण कळल्यावर माझ्या घरातली भांडणं कमी झाली हे खरं.

मग पुढे चांगली वर्षं आली. साखळी लावली की चाचा पायपंपानं आधी डावा आणि मग उजवा फुगा भरायचे आणि चार पावलं मागे जाऊन ट्रक सपाट दिसतो का ते डोळा बारीक करून बघायचे. बंद गाडी गॅरेजमध्ये सोडली की हवा सुस्कारा टाकत बाहेर यायची. सगळी मात्र सोडायची नाही, थोडी ठेवायची, नाहीतर रिकामा फुगा चिमटतो. त्यानंतरच चाची परत चढायला स्टुलावर पाय ठेवायच्या. पहिल्या खड्ड्यावरून गेले की चाचा विचारणार, "कैसा?" आणि चाची म्हणणार, "मक्खन." दोघांचा हा संवाद मी बाजूला बसून इतक्या वेळा ऐकलाय, की कधीकधी माझ्या गाडीत बायकोला मीही विचारतो. ती म्हणते, समोर बघा.

फुग्यांची बातमी पसरली तसे लोक भलतंसलतं मागू लागले. मोंढ्याच्या बाजारातल्या एका व्यापाऱ्याचा सिमेंट भरलेला पिकअप शरणापूरला बंद पडला होता. तो म्हणाला, आहे तसा भरलेलाच उचला, तुमच्याकडे आता बलून आहेत. चाचा म्हणाले, आधी पोती उतरवा. तो चिडला, दुसरा माणूस बघतो म्हणाला. चाचांनी त्याच्या हातात चहा दिला आणि म्हणाले, "सेठ, फुगा पाठ सरळ ठेवतो, ताकद वाढवत नाय. शेरवानी घातली म्हणून म्हातारा जवान व्हतो का?" सेठ साठीचे होते आणि नुकतेच दुसऱ्यांदा बोहल्यावर चढले होते, ही गोष्ट चाचांना खरोखर ठाऊक नव्हती. पण चहा संपायच्या आत पोती उतरायला लागली.

फुगे टिकले. त्यांना भेगा पडल्या नाहीत, नळ्या गळल्या नाहीत. थकल्या त्या चाची. आधी स्टुलाला आणखी एक पायरी लागली. मग चाचांनी दाराशी धरायला लोखंडी कडी बसवली. नंतर चाचींना वर चढवायला मागून माझ्या बायकोचा हात लागायचा. एक दिवस चाचींनी पायरीवर पाय ठेवला, कडी धरली आणि तशाच उभ्या राहिल्या. वर जाता येईना, खाली येता येईना. चाचांनी त्यांना दोन्ही हातांनी उचलून खाली घेतलं.  फोन करणाऱ्या गिऱ्हाइकाला चाचांनी दुसऱ्या क्रेनवाल्याचा नंबर दिला. असं त्यांनी यापूर्वी कधी केलं नव्हतं.

चाचा जाऊन आता बरीच वर्षं झाली. आजारपण फार नव्हतं, झोपेतच गेले. पण त्यांचा निरोप म्हटलं की मला त्यांचा जनाजा आठवत नाही. आठवतो तो ट्रक विकला तो दिवस.

बिडकीनचा एक तरुण ट्रक घ्यायला आला होता. चाचांनी त्याला क्रेन दाखवली, साखळ्या दाखवल्या, मग खाली वाकून फुगे दाखवले. किती हवा कधी भरायची, कधी सोडायची, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "चाचा, मोकळी असताना हवा कशाला सोडायची? परत भरायचा ताप. भरलेलीच राहू द्यायची."

चाचांनी विचारलं, "शेजारी कोण बसतं तुझ्या?"

"कोण नाय. एकटाच असतो मी."

 चाचा म्हणाले, "मग तुझी मर्जी."

ट्रक वळणाआड गेला. वाईट वाटलं की मी नेहमी चिडतो. मी म्हणालो, "चाचा, हात धड आहेत, नजर धड आहे. चाचींना आमच्या घरी बसवून तुम्ही एकटे गेला असतात तर काय बिघडलं असतं? चांगला चालता धंदा होता."

"धंदा?" चाचा म्हणाले. त्यांना खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं. "धंदा कुठं करत व्हतो मी, साहेब? मी तर हिला फिरवत व्हतो. वाटंत कुणाची गाडी बंद पडलेली असली, तर घेऊन यायचो बरोबर."